गाडीला काही केलंय का?

डॅशबोर्डवर तीन नारिंगी दिवे पेटले होते. पहिला गाडी पट्टी सोडू लागली की सावध करणाऱ्या यंत्रणेचा, दुसरा समोर काही आलं की आपण होऊन ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा. तिसऱ्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता, कारण त्याखालची ओळ कोरियन लिपीत होती. समोरची काच नवी होती, तिच्यात तडा एकही नव्हता. आरशाला चामड्याचा एक ताईत लटकत होता, आणि आरशामागे काचेला आतून चिकटलेल्या काळ्या डबीत वाटाण्याएवढं भिंग होतं. तो कॅमेरा. मागच्या पाच सीट रिकाम्या होत्या. पुढच्या दोन सीटवर बाप आणि लेक बसली होती आणि गेली दहा मिनिटं दोघांत एक शब्दही झाला नव्हता.

"किम एजे अजून रुसलेलीच आहे," शेवटी काल्मुरात म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी ही गाडी कोरियातून बिश्केकला आली, तेव्हापासून तिच्या आतली बाई कोरियन भाषेत सूचना देत आली होती. काल्मुरातच्या लेखी कोरियातली प्रत्येक बाई किम. आणि एवढ्या अधिकारानं बोलते म्हणजे वयानं मोठीच असणार, म्हणून एजे, ताई. उम्सुनायची आई म्हणायची, या माणसानं आयुष्यात एकाच बाईचं ऐकलं, तेही तिची भाषा कळत नाही म्हणून.

"ती रुसलेली नाही, अताके," उम्सुनाय बापाला म्हणाली. "तिला दिसत नाहीये. दोन्हींत फरक आहे."

"बाईमाणसाच्या बाबतीत फारसा नसतो."

एरवी ती हसली असती. आज गुरुवार होता, उलुकमानच्या शेडसमोर थांबायची ही तिसरी खेप होती, आणि परवा शनिवारी काल्मुरातला सहा प्रवासी घेऊन नारिनला निघायचं होतं. वाटेत दोलोनचा घाट होता.

गोष्ट त्या घाटापासूनच सुरू झाली होती. फेब्रुवारीत एका पहाटे नारिनहून परतताना काल्मुरातला डुलकी लागली. स्टीअरिंग हातात थरथरलं, किम एजे काहीतरी बोलली, त्यानं डोळे उघडले आणि गाडी परत पट्टीत आणली. घरी येऊन त्यानं हा किस्सा चहा पिता पिता हसत सांगितला. ऐकून आई हसली. उम्सुनाय हसली नाही. ती भूकंप मोजणाऱ्या संस्थेत नोकरीला होती. थोडक्यात चुकलेल्या गोष्टीला तिथे कोणी किस्सा म्हणत नसे, नोंद म्हणत. तिनं टेबलावरची भाकरी बापापुढे सरकवली आणि म्हणाली, हात ठेवा. किम एजे जागी असेल तरच घाट चढेन, असं म्हणा. काल्मुरातनं आधी थट्टा केली, मग बायकोकडे पाहिलं, आणि शेवटी भाकरीवर हात ठेवला. भाकरीवर ठेवलेला हात त्यानं त्रेसष्ट वर्षांत कधी खोटा पडू दिला नव्हता.

मग गेल्या आठवड्यात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला आणि काच उभी तडकली. काल्मुरातनं सुट्या भागांच्या बाजारातून नऊ हजार सोमची काच आणली. तासाभरात ती बसली. बसवणाऱ्यानं हात पुसले, सामसा खाल्ला आणि जाता जाता सांगितलं, "कॅमेऱ्याचं तेवढं तुमचं तुम्ही बघून घ्या."

उम्सुनायनं शोधाशोध करून, काच बदलल्यावर कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवून देणाऱ्या उलुकमानला फोन लावला होता.

"किती होतील?"

"अवलंबून आहे," उलुकमान म्हणाला.

"कशावर?"

"काच कुठली बसवलीत त्यावर, कंपनीची की बाजारची. कॅमेरा एकटाच आहे की बंपरमागे रडारही आहे, त्यावर. चाकं सरळ आहेत का, त्यावर. काही गाड्या फळ्यासमोर उभ्या केल्या की भागतं, काहींना वर रस्त्यावर फिरवून आणावं लागतं. तुमची कुठल्या जातीची ते पाहिल्यावर कळेल. शिवाय माझं यंत्र दर खेपेला परवान्याचे पैसे कापून घेतं, गाडी पास होवो की नापास."

"कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, एवढं तरी सांगा."

"कमीत कमी आठ हजार."

"आणि जास्तीत जास्त?"

"कारिंदाश, त्याला छप्पर नसतं."

कारिंदाश म्हणजे धाकटी बहीण; तिनं उलट बाइके, थोरला भाऊ, म्हणायचं. दर मात्र धाकट्या बहिणीचा नव्हता. काच नऊ हजारांची आणि ती बसल्यावर तिच्यातून बघायला शिकवायचे आठ हजार. नाकापेक्षा मोती जड. पण उम्सुनायला पैशापेक्षा ते "अवलंबून आहे" जास्त डाचत होतं. तिच्या कामातही सगळं कशा ना कशावर अवलंबून असायचं, पण तिथे किती आणि कशावर हे आधी लिहून मग मोजायला बसत. इथे आधी मोजत होते, पैसे घेत होते, आणि मग आणखी एक गोष्ट सांगत होते.

सोमवारी पहिली खेप झाली. उलुकमानची शेड लांबलचक होती. फरशी लेझर लावून समतल केलेली, तिच्यावर पांढऱ्या रेषा आखलेल्या, टोकाला काळ्या-पांढऱ्या चौकटींचा माणसाच्या उंचीचा फळा. गाडी आत घेताना उलुकमाननं पाठ केल्यासारखे चार प्रश्न विचारले.

"टाकी भरलेली?"

"भरलेली."

"डिकी रिकामी?"

"रिकामी."

"चाकांत हवा?"

"सकाळीच भरली."

"गाडीला काही केलंय का?"

"काहीच नाही," काल्मुरात म्हणाला. "कोरियाहून आली तशी आहे."

गाडी नापास झाली. उलुकमाननं काचेवर नाक टेकवून कॅमेऱ्याची बैठक पाहिली आणि म्हणाला, बाजारची काच आहे, बैठक कारखान्यातच केसभर तिरकी चिकटलेली दिसते. कंपनीची आणा. कंपनीची काच सत्तावीस हजारांना मिळाली. बुधवारी दुसरी खेप झाली, गाडी नापास झाली. चाकं ओढत असतील, उलुकमान म्हणाला, अलाइनमेंट करून आणा. तेही झालं. दोन खेपांचे परवान्याचे पैसे यंत्रानं कापून घेतले.

मधल्या काळात उम्सुनायनं तिसऱ्या दिव्याखालच्या ओळीवर फोन धरून तिचं भाषांतर करून पाहिलं होतं. फोननं सांगितलं, "धुण्याची उणीव आहे." काल्मुरातला ते मनाला लागलं. त्यानं गाडी दोनदा धुतली, दुसऱ्यांदा आतूनसुद्धा. दिवा पेटलेलाच राहिला.

"एक विचारू?" काल्मुरात आता म्हणाला. "शनिवारी मी घाटापर्यंतच गेलो, आणि पुढे नारिनलाच गाडी नेणाऱ्या जुमाबेककडे माणसं बसवली तर?"

"अताके, तुम्ही भाकरीवर हात ठेवला होता."

"घाटाच्या नावानं ठेवला होता. सपाटीच्या नाही."

"मग झोप सपाटीवर येत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

काल्मुरातनं ताईत बोटानं हलवला आणि बाहेर पाहत राहिला. तेवढ्यात उलुकमाननं दार वर सरकवून हात केला.

तिसऱ्या खेपेला उलुकमाननं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. बंपरच्या मध्यातून ओळंबा सोडला, फळा दोन बोटं डावीकडे सरकवला, दोघांना गाडीतून खाली उतरवलं, दार लावून ऊन अडवलं. चार प्रश्न विचारले, चार उत्तरं मिळाली. टॅबवर निळी रेघ अर्ध्यापर्यंत गेली, थांबली, आणि लाल अक्षरं आली.

"आता काय?" उम्सुनायनं विचारलं.

"आता कॅमेराच गेला असेल."

"असेल?"

"दगड लागला तेव्हा हादरा बसला असेल. जुना कॅमेरा मिळतो चाळीसेक हजारांत. मिळाला तर."

"बाइके, तुम्ही सोमवारी काच म्हणालात. बुधवारी चाकं म्हणालात. आज कॅमेरा म्हणताय. उद्या रस्ता म्हणाल. तुम्ही मोजताय की अंदाज बांधताय?"

"यंत्र फक्त पास की नापास सांगतं. का ते सांगत नाही."

"नापास किती फरकानं, ते तरी सांगतं का?"

उलुकमाननं टॅब पुढे केला. वैतागला होता, पण लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आकडे होते. आडवा कोन जवळजवळ शून्य. उभा कोन उणे शून्य दशांश आठ. अर्ध्या अंशापर्यंत चालतो.

"मागच्या दोन खेपांचे आहेत?"

होते. काच बदलण्याआधी उणे शून्य दशांश आठ, काच बदलल्यावर उणे शून्य दशांश आठ, चाकं सरळ केल्यावर उणे शून्य दशांश आठ.

उम्सुनाय त्या तीन सारख्या आकड्यांकडे बघत राहिली. तीन दिवस ज्या गोष्टी बदलण्यात घालवले, त्यांच्याशी या आकड्याला काही देणंघेणं नव्हतं. काच तिरकी असती तर काच बदलल्यावर आकडा थोडा तरी हलला असता. कॅमेरा खाली बघत होता. कॅमेरा काचेवर होता, काच गाडीवर, गाडी फरशीवर. फरशी समतल होती.

"टेप द्या," ती म्हणाली.

तिनं प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. पुढे डावीकडे आणि उजवीकडे सारखंच. मागे दोन्हीकडे सारखंच, पण पुढच्यापेक्षा बरंच जास्त. टॅबमधल्या कारखान्याच्या तक्त्यात मागचं अंतर चार सेंटीमीटरनं कमी दिलेलं होतं.

ती गुडघ्यांवर बसली आणि मागच्या चाकाआड फोनचा उजेड टाकला. स्प्रिंगच्या बुडाशी काळ्या रबराचा जाड ठोकळा होता. दुसऱ्या बाजूलाही तसाच.

"अताके, हे काय आहे?"

काल्मुरात वाकला. "ते? टाचा आहेत."

"टाचा."

"मागे माणसं बसली, वर पोती ठेवली की गाडी ढुंगण टेकते. आपल्या गावच्या रस्त्यावर तर पोटच घासतं. म्हणून टाचा लावतात. सगळेच लावतात."

"कधी लावल्या?"

"आली त्याच आठवड्यात."

"बाइकेंनी तीन वेळा विचारलं, गाडीला काही केलंय का. तीन वेळा तुम्ही म्हणालात, काहीच नाही."

काल्मुरातनं तिच्याकडे खऱ्या आश्चर्यानं पाहिलं. "अगं, घोड्याला नाल मारली म्हणजे घोड्याला काही केलं का?"

ती उलुकमानकडे वळली. तो पण खाली बसून ठोकळा बघत होता. आधी त्याला हसू आलं, आणि मग ते चेहऱ्यावरच विरलं.

"माझ्या गाडीलाही आहेत," तो म्हणाला. "दारात उभी आहे ना, तिला. टाचा नसलेली गाडी मी गावात शेवटची कधी पाहिली, आठवत नाही. पाहूनही दिसत नाही ते." त्यानं ठोकळ्यावरून बोट फिरवलं. "गेल्या हिवाळ्यात दोघांना मी परत काच बदलायला लावली."

"आमचीही," उम्सुनाय म्हणाली. "आमची बाजारची काच चांगलीच असेल मग. कुठे आहे ती?"

"काढताना फुटली," काल्मुरात म्हणाला.

उलुकमाननं किटली ठेवली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. टेबलावर भाकरी होती, लोणी होतं, काळ्या मनुका होत्या. उम्सुनायनं टेबलावर बोटानं एक लांब रेघ ओढून तिचं मागचं टोक थोडं वर दाखवलं. पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर, मागची बाजू चार सेंटीमीटर वर. म्हणजे गाडी पाऊण अंशानं मान खाली घालून उभी. आकडा जवळपास तोच होता.

"मग तीन वर्षं किम एजेला कसं दिसत होतं?" काल्मुरातनं विचारलं. "फेब्रुवारीतही टाचा होत्याच."

"कोरियात गाडी सरळ उभी असताना डोळा बसवलेला होता," उलुकमान म्हणाला. "नंतर टाचा चढल्यावर चालता चालता तिनं थोडं थोडं जुळवून घेतलं. आता डोळा काढून परत लावला. पहिल्यांदा बघताना सरळ उभं राहावंच लागतं."

"आपल्याकडे नवी सून वाकते," काल्मुरात म्हणाला. "हिचं उलटं."

उलुकमान हसला. उम्सुनायला हसू येत नव्हतं. तिला खूप राग आला होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. बापावर ठेवावा तर तो खोटं बोलला नव्हता. उलुकमानवर ठेवावा तर त्यानं प्रश्न विचारला होता. प्रश्न बरोबर होता, उत्तर खरं होतं, आणि दोहोंच्या मधून सत्तावीस हजारांची काच निघून गेली होती.

"त्यात काय," उलुकमान म्हणाला. "शेजारच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर टाचा काढून घेऊ. गाडी पास करू. परत चढवू. तासाचं काम."

"परत चढवल्या की ती पुन्हा पाऊण अंश खाली बघेल."

"जुळवून घेईल. पूर्वी घेतलं तसं."

"नक्की घेईल?"

उलुकमाननं पेला खाली ठेवला. शब्द ओठावर आला तो त्याला गिळता आला नाही. "अवलंबून आहे."

उम्सुनायनं बापाकडे पाहिलं. टाचा काढल्या तर गाडीत सहा माणसं आणि वर पोती बसणार नव्हती, हे तिनं सांगायची गरज नव्हती. गावच्या शेवटच्या कच्च्या वाटेवर गाडी जाणार नाही, डांबर संपतं तिथे ठेवून चालत जावं लागेल, हेही त्याला ठाऊक होतं. ती बोलली असती तर तो विरोधात बोलला असता. म्हणून ती गप्प राहिली.

काल्मुरातनं भाकरीचा तुकडा मोडला. खाल्ला नाही, हातात धरून बसला.

"फेब्रुवारीत," तो म्हणाला, "मी सांगितलं होतं, स्टीअरिंग एकदा थरथरलं."

"हो."

"दोनदा थरथरलं होतं. पहिल्यांदा मला कळलं, पण स्वप्नात कळलं. आई लहानपणी हलवून उठवायची, तसं वाटलं. दुसऱ्यांदा जाग आली तेव्हा नदीकडचा कठडा दिव्यात इतका जवळ होता की त्याच्यावरचा गंज दिसला." त्यानं तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "काढा टाचा. परत चढवू नका. शनिवारी चौघंच नेईन. पोती जुमाबेक नेईल."

"मग त्या दोघांना आधी सांगा की येऊ नका," उम्सुनाय म्हणाली. तिला म्हणायचं होतं ते हे नव्हतं, पण तोंडातून हेच निघालं.

"सांगतो, कीझिम," तो लेकीला म्हणाला.

टाचा निघायला तासापेक्षा बराच जास्त वेळ लागला, कारण एका बाजूचा बोल्ट गंजून बसला होता. खड्ड्यावरच्या माणसानं गाडीला काही केलंय का असं विचारलं नाही. त्यानं फक्त परत केव्हा लावायच्या ते विचारलं. गाडी पुन्हा शेडमध्ये आली तेव्हा मागून बसकी आणि म्हातारी दिसत होती. या खेपेला उलुकमाननं पाच प्रश्न विचारले. पाचवा टाचांचा होता.

निळी रेघ अर्ध्यावर थांबली नाही. उभा कोन उणे शून्य दशांश एक. पहिले दोन दिवे विझले. तिसरा पेटलेलाच होता. उलुकमाननं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि काच धुण्याच्या पाण्याची टाकी भरली. काच बसवणाऱ्यानं नळी काढली तेव्हा तिच्यातलं सगळं पाणी सांडलं असणार. दिवा विझला.

"धुण्याची उणीव," काल्मुरात म्हणाला. "आणि मी सीटच्या खालूनसुद्धा पुसून काढलं."

उलुकमाननं शेवटच्या खेपेचे परवान्याचे पैसे घेतले, स्वतःचे घेतले नाहीत. तो म्हणाला, आता मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणा, पट्ट्या स्पष्ट असतील तिथे. तोकमोकच्या बाजूला नुकताच रंग दिलाय.

गावाबाहेर पडल्यावर काल्मुरात म्हणाला, "मी डोळे मिटतो. तेव्हाच खरं कळेल."

"अजिबात नाही."

"मग कळणार कसं?"

"उघड्या डोळ्यांनी. सिग्नल न देता गाडी हळूच पट्टीकडे जाऊ द्यायची. सहा वेळा डावीकडे, सहा वेळा उजवीकडे. मागे-पुढे कोणी नसेल तेव्हाच. थरथरली की परत आणायची. मी मोजते."

"आणि नाही थरथरली तर?"

"तरी परत आणायची, अताके."

त्यानं मान डोलावली आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर अगदी सैल ठेवले, कोकराच्या पाठीवर ठेवावेत तसे. वेग सत्तरावर स्थिर केला. दोन्ही बाजूंना बिटाची शेतं होती, मधली पट्टी नवी आणि पांढरीशुभ्र होती, कडेची पट्टी काही ठिकाणी वाळूखाली गेली होती. पुढे एक ट्रॅक्टर शेतात वळला आणि रस्ता मोकळा झाला. उम्सुनायनं आरशाचा ताईत काढून मांडीवर घेतला, भिंगासमोर काही येऊ नये म्हणून.

"हं," ती म्हणाली.

डावीकडे सहापैकी सहा. उजवीकडे सहापैकी पाच; वाळूखाली गेलेल्या पट्टीपाशी स्टीअरिंग थरथरलं नाही, तरी काल्मुरातनं गाडी परत आणली.